घुमटाचे अंदाजपत्रक

इमारतींचा इतिहास आपण बहुधा खांब, कमानी आणि शिल्पे यांच्या अंगाने पाहतो. बांधविणारा कोण होता, शिल्पी कोण होता, शैली कोणती होती, एवढे सांगून झाले की विषय संपला असे आपल्याला वाटते. परंतु कोणत्याही इमारतीचा पहिला दगड बसण्याच्या आधी एक कागद तयार होतो. त्यावर साहित्य किती, मजुरी किती, वाहतूक किती आणि दिवस किती हे मांडलेले असते. हा कागद म्हणजे तिचे अंदाजपत्रक. आपल्याकडे 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण पडली ती उगीच नव्हे. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांच्यामधले अंतर ज्यांनी सोसले, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांचा अनुभव त्या म्हणीत साठलेला आहे.

आज आम्ही ज्या इमारतीचा इतिहास सांगणार आहोत, तिची कीर्तीच मुळी तिच्या अंदाजपत्रकामुळे झाली. ती इमारत म्हणजे जिओडेसिक घुमट. पृथ्वीच्या पाठीवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे जिओडेसिक रेषा. अशा रेषांच्या धोरणाने गोलाच्या पृष्ठभागावर लहान लहान दांड्या बसवून त्रिकोणांची जाळी विणली, की हा घुमट तयार होतो. चार दांड्यांचा चौकोन कोपऱ्यावर दाब देताच तिरपा होतो, पण तीन दांड्यांचा त्रिकोण दांडी मोडल्याशिवाय आकार सोडीत नाही. हे लाकूडकाम करणारा कोणताही सुतार सांगेल, आणि या घुमटाचे सारे बळ एवढ्या साध्या गोष्टीत आहे.

हा घुमट स्वस्त, हलका आणि झटपट उभा राहणारा आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यावर जगाला सांगण्यात आले. त्या सांगण्यात खोटे काही नव्हते. तरीही त्या काळी उभारलेल्या नामांकित घुमटांपैकी कित्येक पुढे जळाले, पडले किंवा पाडले गेले. असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर त्यांच्या भूमितीपेक्षा त्यांच्या अंदाजपत्रकात शोधले पाहिजे. त्या कागदावर काय लिहिले होते आणि काय लिहिले नव्हते, हे पाहणे हाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

जुन्या घुमटाला पैसा कुठे लागत असे ते आधी पाहू. विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सतराव्या शतकात बांधलेल्या त्या इमारतीच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 125 फूट आहे, आणि तो तोलण्यासाठी खालच्या भिंती सुमारे 10 फूट जाडीच्या कराव्या लागल्या. विटाचुन्याचे ते ओझे खाली तर येतेच, शिवाय बाहेरही रेटा देते. घुमट जितका जड तितक्या भिंती जाड, आणि भिंती जितक्या जाड तितका पाया खोल. घुमटावर खर्चिलेला एक रुपया अशा रीतीने खालच्या कामातही आपला वाटा मागून घेतो. त्यात परांची, गवंड्यांची वर्षानुवर्षांची मजुरी आणि चुना मुरण्याचा काळ मिळवला, म्हणजे घुमट हे राजेरजवाड्यांचेच काम का होते ते कळते. वजन कमी झाले तर ही सगळी साखळीच सैल होणार होती.

तसा पहिला प्रयत्न जर्मनीत येना या गावी झाला. भिंगे आणि दुर्बिणी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झाइस कारखान्यातील वाल्टर बाउअर्सफेल्ड हे अभियंते कृत्रिम तारांगण दाखविणारे यंत्र तयार करीत होते. तारे उमटवायचे म्हणजे आतून अगदी गोल असे छत हवे. 1922 च्या सुमारास त्यांनी कारखान्याच्याच छपरावर लोखंडी कांबींची त्रिकोणी जाळी गोलाकार उभी केली आणि तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर फवारला. तो थर अवघ्या काही सेंटिमीटरांचा होता. येनाचे तारांगण 1926 मध्ये लोकांना खुले झाले. कोंबडीच्या अंड्याचे कवच त्याच्या आकाराच्या मानाने जितके जाड असते, त्याहूनही हे घुमट त्यांच्या आकाराच्या मानाने पातळ होते. कवच पातळ, म्हणून वजन कमी, आणि वजन कमी म्हणून खालचा खर्च कमी, हा धडा तिथे प्रथम मिळाला. परंतु तिथली जाळी काँक्रीटच्या पोटात गेली. जाळी हीच इमारत होऊ शकते, हा विचार पुढे यायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

तो विचार धरून बसलेले गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे बकमिन्स्टर फुलर. त्यांचा जन्म 1895 चा. ते वास्तुविद्येची पदवी घेतलेले नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातून तर त्यांना दोनदा काढून टाकण्यात आले होते. इमारतीचे वजन किती, हा प्रश्न ते वास्तुविशारदांना विचारीत, आणि बहुतेकांना उत्तर देता येत नसे. विमान बांधणारा रत्तीरत्तीचा हिशेब ठेवतो, जहाज बांधणारा ठेवतो, मग घर बांधणाऱ्यानेच का ठेवू नये, असा त्यांचा रोख होता. थोडक्या साहित्यात अधिक काम हे त्यांचे जन्मभराचे सूत्र होते.

1948 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेज या छोट्या संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पहिला मोठा घुमट उभारण्याचा घाट घातला. व्यास 48 फूट, आणि साहित्य म्हणजे खिडक्यांच्या झडपांच्या पडद्यांना वापरतात तशा धातूच्या पातळ पट्ट्या. सांधे जोडून झाले, मंडळी भोवती जमली, आणि घुमट काही केल्या जमिनीवरून उठेना. पट्ट्यांना तेवढी ताकदच नव्हती. जमलेल्यांनी त्याला 'उताणा घुमट' असे नाव ठेवले. दुसऱ्या वर्षी फुलर तिथे परत आले, या वेळी चांगल्या नळ्या घेऊन आणि आकार पुष्कळ लहान करून. तो घुमट उभा राहिला आणि त्याला माणसे लोंबकळली तरी हलला नाही. भूमिती दोन्ही वर्षी तीच होती. बदलले ते साहित्य आणि त्यावरचा खर्च. हलकेपणाचा हिशेब करताना काटकसर कुठवर ताणावी यालाही एक मर्यादा आहे, ही गोष्ट या घुमटाच्या जन्मकथेतच सांगून ठेवलेली आहे.

फुलर यांना खरे यश मिळाले ते मोटारवाल्या फोर्ड कंपनीकडे. डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न येथे या कंपनीची रोटुंडा नावाची वर्तुळाकार इमारत होती. ती मूळची 1934 च्या शिकागो प्रदर्शनासाठी बांधलेली, आणि नंतर उचलून डिअरबॉर्नला आणून पुन्हा जोडलेली. तिच्या मधोमध 93 फूट व्यासाचे उघडे अंगण होते. कंपनीची पन्नाशी 1953 मध्ये साजरी व्हायची होती आणि त्याआधी या अंगणावर छप्पर घालायचे होते. नेहमीच्या पद्धतीच्या पोलादी घुमटाचे वजन अभियंत्यांनी काढले ते 160 टन भरले. प्रदर्शनापुरती उभारलेली ती इमारत एवढा भार पेलणे शक्य नव्हते. फुलर यांनी ॲल्युमिनियमच्या लहान लहान दांड्यांच्या जाळीचा आराखडा दिला. त्याचे वजन होते साडेआठ टन.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. 160 टन आणि साडेआठ टन, म्हणजे जवळजवळ एकोणीस पटींचा फरक. दुसरे कोणतेही छप्पर घालायचे तर खालची इमारत पाडून नव्याने बांधावी लागली असती. हे छप्पर आहे त्या भिंतींवर बसले आणि समारंभाच्या आधी पुरे झाले. फुलर यांनी आपल्या रचनेच्या स्वामित्वहक्कासाठी 1951 च्या डिसेंबरात अर्ज केला होता. तो हक्क त्यांना 1954 च्या जूनमध्ये मिळाला. फोर्डचा घुमट लोकांनी पाहिला होताच. मागण्या येऊ लागल्या.

त्या मागण्या कोणाकडून आल्या हे नीट पाहण्यासारखे आहे. सर्वांत आधी आले ते सैन्य. 1954 मध्ये अमेरिकेच्या नौसैनिकांनी हेलिकॉप्टरला लटकवून अखंड घुमट एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन दाखवला. पुढे कॅनडा आणि अलास्का यांच्या उत्तर टोकावर, बर्फाच्या प्रदेशात, विमानांची चाहूल घेणाऱ्या रडार यंत्रांची रांग उभी करायची ठरली. यंत्रावर वारा आणि बर्फ यांपासून निवारा तर हवा, पण धातूचा नको, कारण धातू रडारच्या लहरी अडवतो. तिथला उन्हाळा थोड्या आठवड्यांचा आणि सामान न्यायचे ते विमानाने किंवा जहाजाने. अशा ठिकाणी काचतंतूमिश्रित प्लॅस्टिकचे 55 फुटी घुमट काही तासांत उभे राहू लागले.

1956 मध्ये अफगाणिस्तानात काबूल येथे आंतरराष्ट्रीय जत्रा भरणार होती. रशिया आणि चीन यांचे मंडप तिथे आधीच ठरलेले. अमेरिकेच्या व्यापारखात्याला उशिरा जाग आली. फुलर यांच्याकडून 100 फूट व्यासाचा घुमट करून घेण्यात आला. नळ्या ॲल्युमिनियमच्या आणि आच्छादन नायलॉनच्या कापडाचे. सगळा घुमट एका डीसी-4 विमानात मावला. नळ्यांच्या टोकांना रंग दिलेले होते, तांबडे टोक तांबड्याला आणि निळे निळ्याला जोडायचे एवढेच काम. एका अभियंत्याच्या देखरेखीखाली स्थानिक अफगाण मजुरांनी तो 48 तासांत उभा केला. पुढच्याच वर्षी होनोलुलू येथे उद्योगपती हेन्री कैसर यांच्या विश्रामस्थानी 145 फुटांचे ॲल्युमिनियमचे सभागृह एका दिवसाच्या आत बांधून झाले आणि त्याच रात्री त्यात संगीताची बैठक झाली.

आता या सर्व उदाहरणांत खर्चाची मुख्य बाब कोणती होती? फोर्डकडे ती वजनाची होती, ध्रुवप्रदेशात आणि काबूलला वाहतुकीची व वेळेची. होनोलुलूला दिवस वाचवण्याची होती. जिथे या तीन गोष्टींनी अंदाजपत्रकाचा मोठा भाग व्यापला होता, तिथे हा घुमट निर्विवादपणे स्वस्त पडला. एक विमान की दहा विमाने, असा प्रश्न असेल तर नळीची किंमत कोण पाहतो?

परंतु लोकांनी यावरून काढलेले अनुमान वेगळे होते. काबूलला स्वस्त तर आमच्या गावीही स्वस्त, मंडपाला स्वस्त तर घरालाही स्वस्त, असे ते अनुमान. ते कितपत खरे, हे तपासायला मोठे गणित लागत नाही. आपण एक 40 फूट व्यासाचा अर्धगोल घेऊ. त्याची जमीन होते सुमारे 1257 चौरस फूट, आणि अर्धगोलाचा पृष्ठभाग नेहमी जमिनीच्या दुप्पट असतो, म्हणून आच्छादन लागेल सुमारे 2513 चौरस फूट. आता तेवढ्याच जमिनीची साधी चौकोनी खोली घेऊ. तिची एक बाजू येते साडेपस्तीस फूट. भिंती 10 फूट उंच धरल्या तर चार भिंती मिळून सुमारे 1418 चौरस फूट, आणि वरचे सपाट छत 1257 चौरस फूट, एकूण 2675. म्हणजे घुमटात वाचले 162 चौरस फूट, शंभरात सहा.

या सहा टक्क्यांच्या बचतीतूनही काही वजा करावे लागते. घुमटाची भिंत बुडापासूनच आत झुकत जाते. जमिनीच्या कडेचा जो पट्टा सहा फुटांपेक्षा कमी उंचीच्या छताखाली येतो, तो आपल्या उदाहरणात सुमारे 113 चौरस फुटांचा आहे. तिथे मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही आणि सरळ पाठीचे कपाटही लावता येत नाही. मधली उंची मात्र 20 फूट मिळते. सभागृह असेल तर ती शोभा आहे. राहते घर असेल तर तिचा उपयोग करून घेण्यासाठी माळा घालावा लागेल, आणि माळ्याचा खर्च निराळा.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. चौकोनी खोलीत पावसाला तोंड देणारे खरे छप्पर 1257 चौरस फुटांचे आहे. बाकीच्या भिंती आहेत, आणि भिंतीवरून पाणी ओघळून जाते. घुमटात भिंत नाहीच. सगळे 2513 चौरस फूट हे छप्परच आहे. शिवाय ते अखंड नाही. अशा घुमटाची सर्वांत साधी जाळी घेतली, तरी तिच्यात 65 दांड्या, 26 गाठी आणि 40 त्रिकोण येतात. दांड्या दोनच मापांच्या, 30 दांड्या सुमारे 10 फूट 11 इंचांच्या आणि 35 दांड्या सुमारे 12 फूट 4 इंचांच्या. जमिनीवर टेकलेल्या दहा दांड्या सोडल्या, तर पाणी शिरू शकेल अशा सांध्यांची लांबी होते सुमारे 637 फूट. जाळी अधिक बारीक केली तर घुमट अधिक गोल दिसतो, पण सांध्यांची लांबी आणखी वाढते. आपले जुने कौल एकावर एक चढवून बसवलेले असते, वरच्याचे पाणी खालच्यावर पडते आणि पागोळीतून निघून जाते. त्रिकोणी तक्त्यांचे सांधे तर तीन दिशांना जातात. सगळ्याच तक्त्यांना एकमेकांवर उतरत्या क्रमाने चढवणे सोपे नसते, म्हणून सांधा बुजवायला लेप किंवा पट्टी लागते. उन्हाने धातू फुगतो, रात्री आकसतो, आणि लेपाला चिरा जातात. साडेसहाशे फुटांत एक चीर कुठे पडली हे शोधणे किती कठीण, ते गळक्या गच्चीखाली राहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

बाजारातले साहित्यही चौकोनी खोलीच्याच बाजूचे असते. प्लायवुडचा तक्ता चार फूट बाय आठ फूट, पत्रा चौकोनी, दार चौकोनी, खिडकी चौकोनी. त्रिकोण कापायचे म्हणजे तुकडे उरायचे. दार बसवायचे म्हणजे जाळी तोडून तिथे वेगळी चौकट करायची. आतल्या आडभिंतीचा वरचा काठ प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनाने कापायचा. सांगाडा एका दिवसात उभा राहतो हे खरे, पण सांगाडा म्हणजे घर नव्हे. पाया, जोते, वीज, पाणी, मोऱ्या, फरशी आणि रंग यांचा खर्च कोणत्याही आकाराच्या घराला लागतोच. त्यात घुमटाने काही सूट मिळत नाही. सांगाड्यात निम्मी बचत झाली असे मानले, तरी सांगाडा हा एकूण खर्चाचा पाव भाग असेल तर हाती येते ती एक-अष्टमांश बचत, आणि तीही गळतीच्या दुरुस्तीत जाण्याची भीती.

हे सारे अमेरिकेतील तरुणांनी स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या पैशांनी अनुभवले. 1965 मध्ये कोलोरॅडो राज्यात ड्रॉप सिटी नावाची वसाहत काही तरुण कलावंतांनी वसवली. भंगारातल्या मोटारींची छपरे कापून आणायची आणि त्यांचे तक्ते घुमटाला ठोकायचे, असा त्यांचा उद्योग. याहून स्वस्त अंदाजपत्रक कोण मांडणार? फुलर यांनी त्यांचा गौरव केला. परंतु पुढच्या दशकात ती वस्ती ओस पडली. कॅलिफोर्नियात लॉईड कान यांनी 1970 आणि 1971 मध्ये घुमट कसा बांधावा याची दोन पुस्तके काढली आणि ती लोकांनी उचलून धरली. घुमट बांधून आणि त्यात राहून पाहिल्यावर मात्र त्यांचे मत फिरले. त्यांनी आपले खपणारे पुस्तक छापणे स्वतःच थांबवले आणि 1973 च्या नव्या ग्रंथात गळती, वाया जाणारे लाकूड, आडभिंतींचा त्रास आणि प्लॅस्टिकचा भरवसा नसणे ही कारणे उघड मांडली. ज्यांच्या पुस्तकावरून लोक घरे बांधीत होते त्यांनीच हा हिशेब पुरा केला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

मोठ्या घुमटांची कथा याहून कठोर आहे. लुइझियानात बॅटन रूज येथे रेल्वेच्या टाक्या दुरुस्त करण्यासाठी 1958 मध्ये 384 फूट व्यासाचा घुमट उभा राहिला. मध्ये एकही खांब न घेता एवढी जागा झाकणारी तेवढी मोठी इमारत त्या काळी दुसरी नव्हती. पुढे ते काम बंद पडले, इमारत रिकामी झाली, आणि 2007 मध्ये ती पाडण्यात आली. कॅनडात माँट्रियल येथे 1967 च्या जागतिक प्रदर्शनासाठी फुलर यांनी 250 फूट व्यासाचा पोलादी गोल रचला. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे आवरण होते. 20 मे 1976 रोजी दुरुस्ती चालू असता वेल्डिंगच्या कामातून आग लागली आणि सारे आवरण पाहता पाहता जळून गेले. पोलादी जाळी तेवढी शाबूत राहिली. पुढे 1995 मध्ये तिच्या आत पर्यावरणाचे संग्रहालय सुरू झाले, पण जळालेले आवरण पुन्हा कधी घातले गेले नाही.

दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन केंद्रावर 1975 मध्ये सुरू झालेला सुमारे 164 फुटी घुमट मात्र आपल्या कामाला जागला. जिथे एक एक खिळा विमानाने न्यावा लागतो, तिथे त्याचे वजन हाच मोठा गुण होता. वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या बर्फात तो रुतत गेला, आणि खांबांवर उचललेले नवे केंद्र झाल्यावर 2009-10 च्या सुमारास तो उतरवून परत नेण्यात आला. जोडता आला तसा तो सोडवताही आला. इमारत उतरवण्याचा खर्च कमी असणे हाही एक लाभ आहे, जरी तो सहसा कोणी कागदावर मांडत नाही.

आपल्या देशातही हा घुमट आला. अहमदाबादेत गौतम साराभाई आणि गिरा साराभाई यांनी फुलर यांच्या कल्पनेवरून कॅलिको गिरणीच्या कापडाच्या दुकानासाठी 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत 'कॅलिको डोम' उभारला. शहराच्या गर्दीत ती नवलाईची वास्तू होती. गिरणीचे दिवस फिरले, गिरणी बंद पडली, घुमटाकडे पाहणारे कोणी राहिले नाही, आणि 2001 च्या भूकंपात तो कोसळला. भूकंप हे निमित्त खरे. पण देखभालीचा खर्च करणारा धनीच उरला नव्हता, हेही तितकेच खरे.

आता फोर्डच्या त्या साडेआठ टनी घुमटाचे पुढे काय झाले ते सांगतो. रोटुंडाला दरवर्षी लाखो लोक भेट देत. नाताळात तिथे मोठी आरास होई. 9 नोव्हेंबर 1962 रोजी आतमध्ये नाताळच्या आराशीची तयारी चालली होती, आणि वर घुमटाच्या तक्त्यांना पाणी अडवणारा लेप देण्याचे काम चालले होते. लेप गरम करण्याच्या साधनातून पेट घेतला. आग घुमटाला लागली, घुमट खाली आला आणि थोड्याच वेळात सारी इमारत भस्म झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. इमारत पुन्हा बांधली गेली नाही.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. 1953 मध्ये त्या घुमटाने वजनाचा हिशेब जिंकला होता. 160 टनांच्या जागी साडेआठ टन. नऊ वर्षांनी जे काम चालले होते ते वजनाचे नव्हते, पाणी अडवण्याचे होते. पहिल्या अंदाजपत्रकात ज्या बाबीला फारसे स्थान नव्हते, तीच बाब इमारतीच्या मुळावर आली. माँट्रियललाही आग लागली ती दुरुस्तीच्या कामात, आणि अहमदाबादला दुरुस्ती करणाराच नव्हता. तीन ठिकाणे, तीन निमित्ते, पण उणीव एकच. बांधण्याच्या खर्चाचा विचार पुष्कळ झाला आणि टिकवण्याच्या खर्चाचा थोडा.

यावरून फुलर यांना दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. 1983 मध्ये ते वारले तोपर्यंत साधनांची उधळपट्टी थांबवा हेच ते सांगत राहिले, आणि जगाला त्याची गरज होतीच. त्यांचा वजनाचा प्रश्न आजही प्रत्येक बांधणाऱ्याने स्वतःला विचारावा असाच आहे. दोष आहे तो एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली असे समजण्याच्या आपल्या सवयीत. स्वतः फुलर इलिनॉय राज्यात कार्बनडेल येथे 1960 मध्ये एका दिवसात उभ्या राहिलेल्या घुमटातच राहिले. आणि पुढे ते घर वाचवून दुरुस्त करण्यासाठी लोकांना न्यास स्थापून पैसा उभा करावा लागला. उभे राहायला एक दिवस, आणि दुरुस्तीच्या खटपटीला अनेक वर्षे.

हा विषय आपल्यासारख्या नागरिकांच्या जवळचा आहे. गावात वाचनालय, व्यायामशाळा, नाट्यगृह किंवा मंगल कार्यालय बांधायचे ठरते, वर्गणी गोळा होते, आणि सभेपुढे एक अंदाजपत्रक येते. त्यात आकार नवा असो की जुना, बांधकामाचा आकडा ठळक असतो आणि आपण हात वर करून तो मंजूर करतो. अशा वेळी सभासदाने चार साध्या गोष्टी विचाराव्यात. या इमारतीत सर्वांत महाग बाब कोणती, आणि सुचवलेली पद्धत नेमकी त्याच बाबीत बचत करते काय? पावसाचे पाणी कुठून जाईल, आणि सांधा गळाला तर तो बुजवायला आपल्या गावचा कारागीर चालेल की दुरून माणूस आणावा लागेल? दरवर्षीच्या देखभालीसाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे, आणि ती कोणाच्या नावावर? आणि दुरुस्ती चालू असताना इमारतीचे व माणसांचे रक्षण कसे होणार?

घुमटच बांधायचा असेल तर जरूर बांधावा. चार दिवसांच्या प्रदर्शनाचा मंडप, डोंगरमाथ्यावरची वेधशाळा, पूरग्रस्तांसाठी तातडीचा निवारा, जिथे ओझे पाठीवरून न्यायचे आहे आणि वेळ थोडा आहे, तिथे त्याच्याइतका सोयीचा दुसरा आकार क्वचितच मिळेल. परंतु तीन पिढ्यांनी वापरायचे वाचनालय बांधायचे असेल, तर साडेसहाशे फूट सांध्यांकडे दरवर्षी मृगाच्या आधी कोण पाहणार आहे, त्या माणसाचा पगारही त्याच कागदावर पहिल्याच दिवशी मांडलेला असावा. डिअरबॉर्नच्या कागदावर साडेआठ टनांचा आकडा बरोबर होता. त्याच्या खालची ओळ कोरी राहिली, आणि नऊ वर्षांनी तिची किंमत सबंध इमारतीने भरली.